बांडगूळ कोण पेरतं?

(भंडारा येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथे जमतो, ते आम्हाला मराठी शिकवायचे. कामचुकार पोराला त्यांनी कधी गाढव म्हटलं नाही, बैलही म्हटलं नाही. "बांडगूळ आहेस लेका," एवढंच म्हणायचे. मार परवडला, पण तो शब्द नको, असं आम्हाला व्हायचं. एकदा धीर करून मी विचारलं, "गुरुजी, एवढ्या उंच फांदीवर बांडगूळ पेरतं कोण?" ते क्षणभर थांबले. म्हणाले, "मला ठाऊक नाही. तू शोध आणि मला सांग."

ठाऊक नाही असं वर्गात सांगणारे शिक्षक तेव्हाही थोडे होते. उत्तर सापडायला मला बरीच वर्षं लागली आणि तोवर गुरुजी गेले. तो गृहपाठ आज तुमच्यापुढे ठेवतो.

उत्तर एका शब्दाचं आहे: फुलटोच्या.

या सभागृहात तांबट न ऐकलेला माणूस नसेल. उन्हाळ्याच्या दुपारी पिंपळावर बसून 'टुक टुक' असा ठोका धरणारा तो तांबट आपल्या गावाला शोभणाराच, कारण भंडारा म्हणजे पितळी भांड्यांचं गाव. हरियल तर महाराष्ट्राचा राज्यपक्षीच. वड-उंबर पिकले की त्यांचे थवे उतरतात. हे दोघेही फळांवर जगतात आणि दोघांनाही मान आहे. फुलटोच्या तुमच्या अंगणातही येतो, पण त्याच्याकडे कुणी मान वर करून बघत नाही. बघितलं तरी दिसत नाही. लांबी जेमतेम आठ सेंटिमीटर आणि वजन साधारण दोन रुपयांच्या नाण्याइतकं. भारतातल्या सगळ्यात लहान पक्ष्यांत त्याची गणना होते. वरून मळकट हिरवट-तपकिरी, खालून धुरकट पांढरा. नर आणि मादी सारखेच. चोच किंचित वाकडी, फिकट मांसाच्या रंगाची.

या चोचीवरून त्याच्यावर थोडा अन्यायच झाला आहे. जॉन लॅथम या इंग्रज अभ्यासकाने 1790 साली त्याला शास्त्रीय नाव दिलं, डायसियम एरिथ्रोरिंकोस. त्यातल्या दुसऱ्या शब्दाचा अर्थ होतो 'लाल चोचीचा', आणि याची चोच तर लाल नसते. मराठी पुस्तकांतून तो 'टिकेलचा फुलटोच्या' म्हणून भेटतो. हा सॅम्युअल टिकेल 1811 साली ओडिशातल्या कटकला जन्मला. कंपनीच्या फौजेतला हा अधिकारी नोकरी सांभाळून पाखरांच्या नोंदी करायचा. आपल्याकडचं 'फुलटोच्या' हे साधं नाव मला सगळ्यांत बरं वाटतं, कारण ते पक्ष्याचं काम सांगतं. फक्त अर्धंच सांगतं. फुलाला तो टोच मारतो हे खरं, पण त्याचा जीव असतो फळात.

त्याला बघायचं असेल तर आवाजाचा माग काढावा लागतो. 'चिक्, चिक्, चिक्' असा कोरडा, बारीक आवाज सारखा चालू असतो, जणू कुणी नखावर नख आपटतंय. आणि वेळ निवडावी ती मोहाची पानगळ झाल्यावरची. माघ-फाल्गुनात आपल्याकडे तलावाच्या पाळीवरचे, बांधीच्या धुऱ्यावरचे मोह उघडे पडतात. नुसत्या काड्या उरतात. अशा उघड्या झाडावर मध्येच एखादा हिरवागार झुबका दिसतो. झाड उपाशी आणि पाहुणा ताटावर बसलेला, असं ते दृश्य असतं. तेच बांडगूळ. त्याच्या खाली उभं राहायचं आणि हलायचं नाही.

साकोलीकडच्या एका तलावाच्या पाळीवर मी असा किती सकाळी उभा राहिलो, याचा हिशेब ठेवला नाही. तिथे जे पुन्हा पुन्हा दिसलं, ते सांगतो. बांडगुळाला बोराच्या बीएवढी, पिकल्यावर गुलाबी होणारी लांबट फळं लागतात. फुलटोच्या येतो, झुबक्यात शिरतो, कधी उलटा लोंबकळतो. एक फळ गिळतो, लगेच दुसरं. इवलंसं अंग आणि त्याच्या मानाने केवढं ते फळ! मग थोडा वेळ बसून राहतो. काही मिनिटांतच त्याची चुळबुळ सुरू होते. दुसऱ्या फांदीवर जातो, अंग फांदीच्या लांबीला धरून वळवतो, शेपटाकडचा भाग सालीवर टेकवतो आणि घासतो. बी बाहेर पडलेली असते, पण ती सुटत नाही. तिला पारदर्शक चिकट धागा असतो. म्हणून पक्षी पुसतो, सरकतो, पुन्हा पुसतो. शेवटी बी सालीला चिकटते आणि हा मोकळा होऊन उडतो.

पिकलेलं फळ एकदा बोटांत दाबून बघा. आतला गर अंगठा आणि बोट यांच्यामध्ये तार धरतो. गुळाचा पाक बघतो तशी तार. हात धुतले तरी चिकटा लवकर जात नाही. ज्या बीला मातीत पडायचंच नाही, तिची सगळी भिस्त या चिकट्यावर असते. खाली पडली की ती संपली. फांदीवर राहिली तरच जगली.

आता पोटातलं सांगतो, कारण खरी करामत तिथे आहे. पक्ष्यांना दात नसतात. ते काम पोटातली पेषणी करते, ती दाणे भरडते. बांडगुळाची बी या जात्यात सापडली तर तिचं पीठ होईल. फुलटोच्यांच्या कुळात ही पेषणी अन्नमार्गाच्या एका बाजूला पिशवीसारखी असते. किडा-कोळी खाल्ला तर तो पिशवीत जातो आणि भरडला जातो. बांडगुळाचं फळ मात्र पिशवीला वळसा घालून सरळ आतड्यात उतरतं. गर पचतो आणि बी अखंड बाहेर येते. म्हणजे एका घराला दोन दारं, पाहुण्यांचं वेगळं आणि गिऱ्हाइकांचं वेगळं. 1931 साली एका जर्मन अभ्यासकाने ही रचना तपशिलात मांडली.

आणि योगायोग बघा, त्याच 1931 साली मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात एक लेख आला. विषय होता कोकणातल्या बांडगुळाच्या प्रसारात शिंजीर आणि फुलटोच्या यांचा वाटा. लेखक होते सालिम अली. जर्मनीहून शिकून आल्यावर त्यांची मुंबईतल्या संग्रहालयातली जागा रद्द झाली होती. नोकरी नव्हती, म्हणून अलिबागजवळच्या किहीमला येऊन राहिले होते. सुगरणीचा त्यांचा गाजलेला अभ्यास तिथलाच. पक्षी म्हटलं की आपल्याला रंग, गाणं आणि स्थलांतर आठवतं. या माणसाने त्या बेकारीच्या काळात बांडगूळही बघितलं, यात मला त्यांचा मोठेपणा दिसतो.

लेखात दोन पक्षी आहेत, त्यालाही कारण आहे. बांडगुळाची फुलं लांब नळीची, शेंदरी छटेची. त्यांतला मध प्यायला शिंजीर येतो आणि परागकण इकडचे तिकडे करतो. काही बांडगुळांच्या कळ्या पक्ष्याने चोचीत दाबल्याशिवाय नीट उमलतच नाहीत. दाबलं की कळी फुटते आणि पराग पक्ष्याच्या तोंडावर उडतात. म्हणजे लग्न शिंजीर लावतो आणि बाळंतपण फुलटोच्या करतो. कधी कधी दोन्ही कामं फुलटोच्याच उरकतो. निलगिरीत प्रिया दविदार यांनी या नात्याचा बारकाईने अभ्यास केला. तिथल्या काही बांडगुळांत फूल आणि फळ दिसायला सारखी असतात, हे त्यांनी 1983 साली दाखवून दिलं. एकच गिऱ्हाईक दोनदा बोलवायचं, तर पाटी वेगळी कशाला रंगवायची?

आपल्या जंगलात याचा एक भाऊ आहे, जाड चोचीचा फुलटोच्या. तो बसल्या बसल्या शेपूट डावी-उजवीकडे हलवत राहतो, त्यावरून ओळखू येतो. त्याची रीत निराळी. तो बी गिळायच्या फंदात फारसा पडत नाही. गर खातो आणि चोच फांदीला पुसून बी तिथेच चिकटवतो. रस्ता दुसरा, मुक्काम तोच.

जगात फुलटोच्यांच्या पन्नासच्या आसपास जाती आहेत आणि त्या भारतापासून ऑस्ट्रेलियापर्यंत पसरल्या आहेत. अमेरिका खंडात हे कूळ नाही. पण तिथल्या उष्ण प्रदेशातल्या जंगलांत युफोनिया नावाचे इवले फळखाऊ पक्षी आहेत. तेही बांडगूळ खातात, आणि त्यांचीही पेषणी झिजून नावापुरती उरली आहे. दोन खंडांतल्या, एकमेकांशी नातं नसलेल्या पाखरांनी एकाच फळासाठी आपापली पोटं बदलून घेतली.

आता बीकडे वळू. सालीला चिकटलेल्या बीतून हिरवा कोंब निघतो आणि त्याचं टोक चकतीसारखं सालीवर दाबलं जातं. त्यातून एक शोषक मूळ साल भेदून लाकडापर्यंत पोहोचतं. तिथून पुढे पाणी आणि क्षार झाडाचे. पण बांडगुळाला स्वतःची हिरवी पानं असतात. आपली साखर ते बव्हंशी आपणच करतं. म्हणून वनस्पतिशास्त्रात त्याला अर्धपरोपजीवी म्हणतात. गुरुजींचा शब्द निम्मा खरा होता, निम्मा नव्हता. घरजावई आहे, पण आपली भाकर आपण थापणारा.

संस्कृतात बांडगुळाला दोन नावं आहेत, वृक्षादनी आणि वृक्षरुहा. पहिलं म्हणतं, झाड खाणारी. दुसरं म्हणतं, झाडावर उगवणारी. एका नावात आरोप आहे, दुसऱ्यात नुसती नोंद. दोन्ही नावं जपणाऱ्यांनी दोन्ही बाजू बघितल्या असाव्यात. मराठीत आपण आरोप तेवढा उचलला. राजकारण्याला, सावकाराला, कामचोर नातेवाइकाला आपण बांडगूळ म्हणतो, पण झाडावरचं बांडगूळ वर मान करून बघत नाही.

मात्र शेतकऱ्याची तक्रार खोटी आहे असं मी म्हणणार नाही. आमच्या धुऱ्यावर एक गावठी आंबा होता. वडील दर दोन-तीन वर्षांनी पावसाळ्याआधी चढून बांडगूळ कापायचे आणि शेळ्यांपुढे टाकायचे. शेळ्यांची चैन व्हायची. वडिलांचं वय झालं तसं चढणं थांबलं. पाच-सात वर्षांत फांद्यांची टोकं वाळली, मोहर विरळ झाला आणि अखेर एका उन्हाळ्यात अर्धं झाड सुकलं. एखाददुसरा झुबका झाड सोसतं, पण दहा-पंधरा झाले की सोसत नाही. पाणी कमी असताना तर अजिबातच नाही, कारण बांडगूळ उन्हाळ्यातही पाणी ओढत राहतं. या बांडगुळाची सवय अशी की त्याला अमुकच झाड हवं असं नाही. तीनशेहून अधिक जातींच्या झाडांवर ते नोंदलेलं आहे. आंबा, मोह ही त्यातली आपल्या ओळखीची.

म्हणून प्रश्न उभा राहतो. हा पक्षी नुकसान पेरतो का? रोमन लोकांत एक म्हण होती. बांडगुळाच्या फळांपासून चिकटा करून पारधी फांद्यांना लावत आणि त्यात पक्षी अडकत. बांडगूळ पेरणारा तर पक्षीच. तेव्हा पक्षी स्वतःच आपलं मरण हगतो, असा त्या म्हणीचा भाव. आपल्याकडे पारधी वड-पिंपळाच्या चिकाचा लासा करत, त्यामुळे फुलटोच्या या आळातून सुटला. पण शेतकऱ्याच्या आणि वनखात्याच्या जुन्या हिशेबात त्याच्या नावावर खर्चच मांडलेला होता.

हा हिशेब तपासून बघावा असं ऑस्ट्रेलियातल्या डेव्हिड वॉटसन या अभ्यासकाला वाटलं. न्यू साउथ वेल्समधल्या शेतांच्या अधेमध्ये उरलेल्या जंगलाच्या तुकड्यांपैकी काही तुकड्यांतून त्यांनी सगळं बांडगूळ काढून टाकलं आणि बाकीचे तसेच ठेवले. तीन वर्षांनी पक्षी मोजले. बांडगूळ काढलेल्या तुकड्यांतून पक्ष्यांच्या सुमारे पाचव्या हिश्श्याच्या जाती नाहीशा झाल्या होत्या. हे निष्कर्ष 2012 साली प्रसिद्ध झाले. बांडगूळ खाणारे पक्षी कमी होणार, हे कुणीही सांगितलं असतं. नवल असं की सगळ्यात जास्त गेले ते जमिनीवर पाचोळ्यात किडे वेचणारे. त्यांचा बांडगुळाशी संबंध काय? संबंध पानांचा. झाड आपलं पान गाळण्याआधी त्यातलं सत्त्व बरंचसं काढून घेतं. बांडगूळ ही काटकसर करत नाही, भरलेलं पान तसंच टाकून देतं. त्या पानांनी खालची माती पोसली जाते, मातीत किडे वाढतात आणि किड्यांवर पक्षी जगतात. वरून घेतलेलं बांडगूळ खाली वाटत असतं.

ऑस्ट्रेलियाचं गणित जसंच्या तसं भंडाऱ्याला लावता येणार नाही. ते जंगल वेगळं, पाऊस वेगळा. पण आपल्याकडेही बांडगुळाभोवती पंगत बसते, ती डोळ्यांनी दिसते. शिंजीर मधाला, मुंग्या गोडव्याला, फुलटोच्या फळाला. आणि हळदीकुंकू नावाचं फुलपाखरू. पंखांच्या खालच्या बाजूला पिवळा आणि कडेला लाल रंग असणारं हे फुलपाखरू तुम्ही सगळ्यांनी बघितलंय. त्याची मादी बांडगुळाच्या पानांवर एका ठिकाणी पुष्कळ अंडी घालते, आणि अळ्या घोळक्याने तीच पानं खातात. म्हणजे बांडगुळावर लगाम ठेवणारेही त्याच पंगतीत असतात. ही सवाशीण आपल्या अंगणात हवी असेल, तर तिचं माहेर कुठेतरी शिल्लक ठेवावं लागेल.

इथे मी आपल्या जिल्ह्याकडे येतो. माझ्या तरुणपणी नागझिरा आणि नवेगावबांध दोन्ही भंडारा जिल्ह्यात होती. 1 मे 1999 रोजी गोंदिया वेगळा झाला आणि नकाशा बदलला. मारुती चितमपल्लींनी वनखात्याच्या नोकरीत राहून आपल्या या झाडीपट्टीतलं पाखरांचं जग मराठीत आणलं, तेव्हा तो सगळा मुलूख भंडाराच होता. आज आपल्याकडे 2013 मध्ये घोषित झालेलं कोका अभयारण्य आहे, पवनीच्या अंगाला उमरेड-पवनी-कऱ्हांडला आहे. लोक तिथे वाघ बघायला जातात. जावं, मीही जातो. पण वाघ दिसला नाही म्हणून तोंड पाडून परतणाऱ्या गाडीच्या डोक्यावर फुलटोच्या 'चिक् चिक्' करत असतो. त्याच्यासाठी ना तिकीट लागतं, ना गेट.

आणि त्याला जंगलच पाहिजे असंही नाही. घाणेरीची काळी फळं तो खातो. शाळेच्या आवारात, तहसीलच्या मागे सिंगापूर चेरीचं झाड असेल तर तिथे तो हमखास येतो. ते झाड अमेरिकेतून आलेलं, पण पाखराला फळाचं गाव विचारायची सवय नसते. घाणेरीच्या जाळीपासून गावच्या आंब्यापर्यंत, आंब्यापासून तलावाच्या पाळीपर्यंत, पाळीपासून राखीव जंगलापर्यंत तो येरझारा घालतो.

याच येरझाऱ्यांत एक गोष्ट ध्यानात येते. दाट जंगलातल्या झाडावर बांडगूळ कमी दिसतं आणि शेतात एकट्या उभ्या झाडावर जास्त. बांडगुळाला ऊन लागतं आणि पाखराला बसायला जागा लागते. चार कोसांत एकच आंबा उरला तर सगळी पाखरं त्याच्यावरच बसणार आणि सगळी बी तिथेच पुसणार. शेजारचे धुरे मोकळे करून, मोह तोडून, पळस जाळून आपण त्या एका झाडाला एकटं पाडलं. मग ते बांडगुळाने भरलं की दोष पाखराला देतो. आमचा आंबा बांडगुळाने मारला असं मी पुष्कळ वर्षं म्हणत होतो. आज म्हणतो, त्याच्या आजूबाजूची सात झाडं गेली तेव्हाच तो अर्धा मेला होता.

गुरुजी, उत्तर एवढं आहे. बांडगूळ फुलटोच्या पेरतो, आणि ते किती वाढावं हे आपण ठरवतो.

श्रोत्यांपुढे तीन मागण्या ठेवतो. पहिली, बागेतल्या आणि परसातल्या आंब्यावरचं बांडगूळ जरूर काढा, फळं पिकण्याच्या आधी काढा. नुसतं ओरबाडू नका, त्याच्या मुळासकट फांदीचा तेवढा भाग कापा, नाहीतर ते पुन्हा फुटतं. दुसरी, तलावाच्या पाळीवरच्या आणि जंगलातल्या झाडांवर कोयता चालवू नका, तिथला झुबका कुणाचं तरी घर आणि कुणाची तरी शिदोरी आहे. तिसरी मागणी धुऱ्याची. यंदाच्या पावसाळ्यात आपल्या बांधीच्या धुऱ्यावर एक मोह किंवा एक आंबा लावा, म्हणजे आधीच्या झाडाला सोबत होईल.

आणि वर्गात कामचुकार पोराला बोलायचंच असेल, तर शिक्षक मंडळींनी दुसरा शब्द शोधावा. बांडगुळाला दिवसभर काम असतं.